पाच दिवसांनी येणारा ग्रह

ग्रह शोधताना सगळ्यात मोठी अडचण कशाची होते, असं कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन, शेजाऱ्यांची. ढग येतात आणि जातात. चंद्रसुद्धा महिन्यातले निम्मे दिवस तोंड काळं करतो. शेजारी कुठेही जात नाहीत.

मुळात माझं मागणं फार नव्हतं. योग्याकार्ताजवळच्या आमच्या क्लातेन गावच्या भूमापन कार्यालयात मी एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. या एकतीस वर्षांत एकाही नकाशावर माझं नाव आलं नाही. सही साहेबांची, शिक्का कार्यालयाचा, आणि चूक निघाली की मग कागदावर येणार, 'मोजणी: पाक पुर्वोको'. पाक पुर्वोको म्हणजे मी; 'पाक' हे आमच्याकडचं 'राव'. निवृत्त झाल्यावर मला एवढंच वाटायचं की, कुठल्या तरी एका यादीत, अगदी तळाच्या ओळीत का होईना, मोजणी बरोबर केल्याबद्दल आपलं नाव यावं.

अशी यादी आहे, हे मला इंटरनेटवर कळलं. जगभरच्या हौशी लोकांची एक संघटना आहे, ती ग्रह शोधणाऱ्यांच्या नावांची यादी ठेवते. आपण एक तारा धरायचा, रोज त्याचे फोटो काढत बसायचं आणि प्रत्येक फोटोत त्याचा उजेड मोजायचा. त्या ताऱ्याभोवती एखादा ग्रह फिरत असेल आणि तो आपल्या आणि ताऱ्याच्या मधून गेला, तर तेवढा वेळ उजेड शंभरातला एखादा भाग कमी होतो. आलेख काढला की सरळ रेघेत एक खळगा दिसतो. ठरावीक दिवसांनी तसाच खळगा पुन्हा पुन्हा पडला तर समजायचं, ग्रह आहे. ग्रह स्वतः दिसत नाही. जी वस्तू दिसत नाही तिची हद्द मोजून द्यायची, हे काम नोकरीत मी पुष्कळदा केलं होतं. मला ते जमण्यासारखं वाटलं.

"अहो, पण तारा मंद झाला तर तुम्हाला काय करायचंय?" विनार्नीने विचारलं. ही माझी बायको. "बैठकीतला दिवा तीन महिने मंद आहे. तो नाही मोजला कुणी."

मी दिव्याकडे दुर्लक्ष केलं. जुना कॅमेरा, लांब भिंग आणि आकाशाबरोबर हळूहळू फिरणारी एक तिपाई असं सामान घेऊन मी गच्चीवर चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गल्लीप्रमुख पाक गियान्तो हजर. हा माणूस बोलताना छातीच्या खिशातलं पेन दाबत राहतो, म्हणजे समोरच्याला सतत वाटतं की आपल्यावर आता काहीतरी लिहिलं जाणार.

"पाक, गच्चीवर नळी लावलीय म्हणे."

"ग्रह शोधतोय."

"शोधा ना. आमची काही हरकत नाही. पण बाहेरचं कुणी गल्लीत आलं तर चोवीस तासांच्या आत मला कळवायचं. गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे."

"अहो, ग्रह गल्लीत येणार नाही."

"दिसणार गल्लीतूनच ना? मग झालं तर." टक्, टक्. "आणि वॉर्डाच्या कार्यालयातून एक कागद आणा. उद्या कुणी विचारलं तर मला दाखवायला."

वॉर्डाच्या कार्यालयात आकाशातल्या वस्तूंसाठी अर्ज नव्हता. 'तात्पुरत्या बांधकामाचा' अर्ज होता, तो त्यांनी दिला. पहिला रकाना, वस्तूचं गाव आणि तालुका. मी 'दक्षिण' असं लिहिलं. दुसरा रकाना, अर्जदाराच्या घरापासून अंतर. मी लिहिलं, तीनशे वीस प्रकाशवर्षं.

"किलोमीटरमध्ये लिहा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "इथे तुमचं ते वर्ष चालत नाही."

मी किलोमीटरमध्ये लिहिलं. तीनावर पंधरा शून्यं. रकाना सहा शून्यांचा होता. उरलेली नऊ शून्यं शेजारच्या रकान्यात गेली आणि शेजारचा रकाना होता, 'घरात राहणाऱ्या व्यक्ती'. तिथे मी आधीच दोन लिहिलं होतं. बाईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "पाक, इतक्या जणांना एकच संडास?" सरकारी दप्तरात मी आजही दोन अब्ज माणसांचा कुटुंबप्रमुख आहे. दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज आहे.

तारा मी आधीच निवडून ठेवला होता. तुम्हाला वाटेल, आकाश पडलंय केवढं, घ्यावा कुठलाही. आमच्या गच्चीवर या एकदा. पूर्वेला आंब्याचं झाड, पश्चिमेला मोबाइलचा मनोरा, उत्तरेला पाक गियान्तोंनी परवानगी न घेता चढवलेली पाण्याची टाकी. आकाशाचा मोकळा तुकडा उरतो तो फक्त दक्षिणेला, शेजारच्या बू जुमीराच्या, म्हणजे जुमीराबाईच्या, स्वयंपाकघराच्या छपरावर. दक्षिणेचे तारे चालतातही सावकाश. मी धरलेला तारा तर संध्याकाळभर त्या कौलांवर हवा खात बसल्यासारखा असायचा.

या कामात आणखी एक तारा लागतो, तुलनेसाठी. आपल्या ताऱ्याचा उजेड कमी झाला तर धुरकट हवा सगळीकडेच आहे, की जे काही झालंय ते आपल्याच ताऱ्याला, हे शेजारच्या ताऱ्याकडे बघून ठरवायचं. शेजारी तुलनेसाठी असतो ही गोष्ट आमच्या गल्लीत कुणाला शिकवावी लागली नव्हती. मी त्या छपराच्या बाजूच्या बॅडमिंटनच्या मैदानावरचा एक तारा घेतला. हा माझा निर्णय लक्षात ठेवा.

बारा जूनला पहिला खळगा पडला. सव्वासातला रेघ उतरायला लागली, खाली सपाट झाली आणि दोन तास चाळीस मिनिटांनी पुन्हा वर आली. सतराला पुन्हा तसाच. बावीसला पुन्हा. मी इतक्या जोरात ओरडलो की विनार्नी झाडू घेऊन वर आली. तिला वाटलं, साप.

"ग्रह!" मी म्हणालो.

"चावला?" ती म्हणाली.

आता इथे माझा घात कसा झाला ते सांगतो. आमच्या क्लातेनकडे आठवडे दोन. एक सात दिवसांचा, तो कार्यालयाचा आणि शाळेचा. दुसरा पाच दिवसांचा, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, आणि तो बाकी सगळ्याचा. जन्म, लग्न, बाजार, घराचा पाया, सासरी रुसून बसणं, सगळं या पाचांवर. खळगा सात दिवसांनी पडला असता तर मी तिथल्या तिथे सावध झालो असतो. म्हटलं असतं, हे माणसाचं काम दिसतंय, दर रविवारी कुणीतरी काहीतरी करतंय. पण पाच दिवस? पाच दिवसांनी सगळंच येतं. विश्वाची चालही पाचांचीच निघाली यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट विश्वाला घरचं वळण आहे, असंच वाटलं.

गल्लीत बातमी पसरायला आलेखाची गरज लागत नाही. चहाच्या टपरीवर म्बाह कार्यो, म्हणजे कार्यो आजोबा, बसले होते. ऐंशी वर्षांचे, गल्लीतल्या सगळ्या लग्नांचे दिवस तेच काढून देतात. त्यांनी मला बसवलं आणि एखाद्या वरपक्षाला विचारावं तसं विचारलं, "येतो कोणत्या वारी?"

"क्लिवोनच्या संध्याकाळी, म्बाह."

क्लिवोन भुताखेतांचा. कुणीतरी चहा खाली ठेवला.

"सूर्य बुडायच्या आधी की नंतर?"

"नंतर. सव्वासातला."

"मग क्लिवोन कुठला? सूर्य बुडाला की दिवस संपला. तुझा ग्रह लेगीचा आहे." म्बाहनी चहाचा घोट घेतला. "लेगी म्हणजे बाजार. पोट भरणारा आहे, पुर्वोको. घाबरू नकोस."

"ग्रह बाजारात काय विकणार, म्बाह?" मी म्हणालो आणि सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

सत्तावीसचा खळगा जरा आखूड निघाला. मी 'ढग' म्हणून नोंद केली. मग लग्नांचे दिवस आले आणि खळगा एकदम दुप्पट खोल झाला. ग्रह काही पाच दिवसांत लठ्ठ होत नाही, तेव्हा मी पुष्कळ विचार करून संघटनेला कळवलं की ग्रहाला शनीसारखं कडं असावं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात धाडसी वाक्य. विनार्नीला मागणी घालतानासुद्धा मी 'असावं' वगैरे म्हणालो नव्हतो, नुसतं मामांना पुढे केलं होतं.

उत्तर आलं योग्याकार्ताच्या विद्यापीठातून, संघटनेचं इकडचं काम बघणाऱ्या डॉ. वेनिंग यांचं. 'इतका नेमका कालावधी मी आजवर पाहिलेला नाही. खळगा दर वेळी स्थानिक वेळेनुसार सव्वासातलाच सुरू होतो, हेही विशेष आहे. सतरा जुलैला मी स्वतः येऊन पाहीन. सगळं ठीक निघालं तर तुमचं नाव यादीसाठी पाठवता येईल.' हे पत्र मी विनार्नीला तीन वेळा वाचून दाखवलं. शास्त्रज्ञ लोक कौतुक किती आवरून करतात, असंही म्हणालो.

पुढचं सगळं पाक गियान्तोंनी ताब्यात घेतलं. ग्रह आता माझा राहिला नव्हता, गल्लीचा झाला होता. गल्लीच्या तोंडाशी 'चोवीस तासांत कळवा' या पाटीच्या वर कापडी फलक लागला. त्यावर पाक गियान्तोंचा फोटो, त्याच्या निम्म्या आकाराचा एक तारा आणि खाली, 'सौजन्य: समस्त रहिवासी'. माझं नाव शोधायला मी फलकाच्या मागच्या बाजूलाही जाऊन आलो.

"समस्तमध्ये तुम्ही आलातच की, पाक," गियान्तो म्हणाले.

मग त्यांनी परिपत्रक काढलं. सतरा तारखेला संध्याकाळी सहा ते दहा गल्लीत दिवे बंद. पालापाचोळा जाळायचा नाही. दुचाकी ढकलत न्यायची. चुली, शेगड्या पेटवायच्या नाहीत. खाली शिक्का. खरं सांगतो, एकतीस वर्षांत माझ्या कामासाठी कुणी शिक्का मारला नव्हता. मला भरून आलं.

सोळाला दुपारी बू जुमीरा आली. नवरा वारल्यापासून बाई एकटी जेनांग करून विकते. चिकट तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि ताडगूळ मोठ्या कढईत घालून लाकडावर घोटत राहायचं, हात थांबवायचा नाही. हाताला पीळ पडलेला, बोलणं मऊ.

"पाक, परिपत्रक तुमच्यासाठी आहे का?"

"विज्ञानासाठी आहे, बू."

"नाही, म्हणजे परवा माझा बाजार आहे. उद्या चूल पेटली नाही तर लेगी बुडतो. मग पाच दिवस हात चोळत बसायचं."

मी तिला समजावलं. म्हटलं, आपल्या गल्लीचं नाव जगात जाणार. धुरामुळे बारीकशी गडबड झाली तरी पाहुण्या बाई परत जातील. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो. 'धुरामुळे' हा शब्दसुद्धा मीच वापरला.

"बरं," ती म्हणाली. "विज्ञान उठतं किती वाजता?"

"दहाला."

"मग दहाला पेटवते."

सतराची संध्याकाळ. आमच्या गच्चीवर एवढी माणसं की विनार्नी म्हणाली, अर्जातला आकडा खरा होणार. मधोमध शुभकार्याला करतात तसा पिवळ्या भाताचा उंच शंकू, ग्रह आल्यावर कापायचा म्हणून. गल्ली काळीकुट्ट. आकाश असं धुतल्यासारखं मी तिथून कधी पाहिलं नव्हतं. डॉ. वेनिंग वयाने आमच्या मुलीएवढ्या, पाठीवर पिशवी, बोलणं कमी. त्यांनी माझी सगळी मांडणी तपासली, तिपाईचे स्क्रू हलवून पाहिले आणि म्हणाल्या, "मोजणी फार स्वच्छ आहे, पाक." मी अंधारात डोळे पुसले.

सव्वासात वाजले. रेघ सरळ.

साडेसात. सरळ.

"येईल," मी म्हणालो. "आज वर कडं घेऊन यायचंय त्याला."

आठ. सरळ. इतकी सरळ रेघ मी नोकरीत पट्टी धरूनही काढली नव्हती.

"पाहुण्यांना वेळ नीट कळवली होती ना?" पाक गियान्तोंचा आवाज. टक्, टक्.

"एवढा काळोख बघून तो पुढच्या गल्लीत गेला असेल," आणखी कुणीतरी.

"भात गार होतोय," तिसरं कुणीतरी. माणूस अपमान एक वेळ सोसतो, पण अपमान आणि डास दोन्ही एकदम आले की काय करावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. विनार्नी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पुठ्ठ्याने मला वारा घालू लागली. ते सगळ्यात वाईट.

नवाला डॉ. वेनिंग हळूच म्हणाल्या, "पाक, असं होतं कधी कधी. नोंदी पाठवत राहा." म्हणजे यादी संपली. त्यांनी पिशवीची चेन उघडली.

तेवढ्यात खालून बू जुमीराचा आवाज आला. "पाक! तुमचं चालू द्या, पण नारळाचं दूध नासायला लागलंय हो. पेटवू का?"

"पेटवा!" मी ओरडलो. "काय पेटवायचं ते पेटवा! पाहिजे तर मलाही पेटवा!"

आठ मिनिटं गेली. मग पडद्यावर रेघेने मान खाली घातली. थोडी. आणखी थोडी.

"आला!" कुणीतरी किंचाळलं. "या अल्लाह, आला!" गच्चीवर टाळ्या, आरोळ्या. पाक गियान्तो शंकूजवळ उभे राहून भाषण करू लागले, "बंधूभगिनींनो, परिपत्रकाचं पालन केल्यामुळेच..." मी डॉ. वेनिंगकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. नाक वर करून हवा हुंगत होत्या.

"पाक, हा वास कसला हो? छान आहे."

"जेनांगचा!" विनार्नी आनंदाच्या भरात म्हणाली. "बू जुमीरा करते, दर लेगीच्या आदल्या संध्याकाळी, सात वाजून गेले की..." आणि ती थांबली.

सगळेच थांबले. भाषणसुद्धा.

म्बाह कार्यो समाधानाने म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं, पोट भरणारा आहे म्हणून?"

डॉ. वेनिंग कठड्यावरून वाकल्या. "बू, जरा चूल झाका बघू." बू जुमीराने झाकली. रेघ वर आली. "आता काढा." रेघ खाली. "झाका." वर. विज्ञानात याला खातरजमा म्हणतात. एकदा केली असती तरी माझी खात्री पटली असती. त्यांनी पाच वेळा केली आणि सहाव्यांदा गल्लीने आग्रह केला. धूर कौलांतून निघून नेमका माझ्या ताऱ्यावरून जात होता, आणि तुलनेचा तारा बॅडमिंटनच्या मैदानावर, जिथे धूर पोचतच नव्हता. आणि ते शनीसारखं कडं? लग्नांच्या मागणीमुळे बाईने दुसरी कढई लावली होती.

लोक भात खाऊन, मला समजावून गेले. समजावणंच जास्त मनाला लागलं. शेवटी बू जुमीरा हात पुसत वर आली, चूल बहिणीवर सोपवून. तिला वाटत होतं तिचं काहीतरी चुकलं. मी तिला आलेख दाखवले, एकाखाली एक, सगळे लेगी. ती एकेक आलेख बघत खाली सरकली. मग एका खळग्यावर बोट ठेवलं.

"हा आखूड का?"

"सत्तावीस जून. ढग होता."

"ढग कुठला? त्या दिवशी ताईला बस पकडायची होती, मी कढई लवकर उतरवली. दुसऱ्या दिवशी बाजारातून निम्मा माल परत आला, कच्चा आहे म्हणाले. मी सगळ्यांशी भांडले की रोजच्याइतकाच घोटलाय." तिने माझ्याकडे पाहिलं. "पाक, माझ्या नवऱ्याने सव्वीस वर्षांत माझ्या कढईकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं हो."

नोंदवहीतला 'ढग' मी खोडला आणि तिथे 'ताईची बस' लिहिलं.

पुढच्या महिन्यात संघटनेने नवख्यांसाठीच्या सूचनांत एक ओळ वाढवली. 'ग्रह कळवण्याआधी ताऱ्याच्या दिशेला स्वयंपाक होतो का ते पाहावं. मोजणी अचूक, वस्तू चुकीची: पुर्वोको, क्लातेन.' मोजणी अचूक. शिक्का नाही, साहेबाची सही नाही. विनार्नीने ते छापून बैठकीत लावलं, बरोबर त्या मंद दिव्याखाली, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये.

तारा मी सोडला नाही. आता दर लेगीच्या आदल्या संध्याकाळी दोन तास चाळीस मिनिटं झाली की मी वरून ओरडतो, "बू, उतरवा!" आणि सकाळी केळीच्या पानात बांधलेला जेनांग दारात येतो. पाक गियान्तोंनी फलकावर तारा खोडून कढई रंगवून घेतली. त्यांचा फोटो आहे तसाच आहे.

काल पोन होता. लेगीला तेव्हा तीन दिवस होते. आठला सहज पडद्याकडे पाहिलं, तर रेघ खाली. मला राग आला. माणसाने किती वेळा फसावं? कठड्याशी जाऊन ओरडलो, "बू! आज कसली मागणी?"

"कसली मागणी?" तिचा आवाज बैठकीतून आला. "मी मालिका बघतेय. चूल गार आहे."

मी हुंगलं. काही नाही. चपला घातल्या, गल्लीत गेलो आणि एकूण एक स्वयंपाकघराच्या मागे जाऊन नाक लावलं. दोन ठिकाणी कुत्रं अंगावर आलं, एका ठिकाणी पाक गियान्तोंच्या सौभाग्यवती. सगळ्या चुली गार. या खेपेला तुलनेला मी चार तारे धरले आहेत, त्यातले दोन बू जुमीराच्या छपरावरचे. चारांचाही उजेड जागेवर. परत येऊन पाहिलं, रेघ तशीच खाली, सपाट, कुणाची वाट न बघणारी.

डॉ. वेनिंगना मी अजून कळवलेलं नाही. विनार्नीलाही नाही. पाक गियान्तोंना तर नाहीच. चोवीस तास व्हायला अजून तीन तास बाकी आहेत.